नाल्याच्या अलीकडे

बंदूक बापाची. परवाना आता माझ्या नावाचा:
कुंदा डोमाजी नेवारे, वय एकोणचाळीस,
एकनळी, बारा बोअर, कारण पीक संरक्षण.
रिकामी टरफलं परत केल्याशिवाय
नवी काडतुसं मिळणार नाहीत.
ठाण्यातल्या मोहरीरनं मान वर केली नाही.
"चालवता येते का, बाई?"
म्हटलं, साफ करता येते. चौथीत असल्यापासून
नळीत चिंधी मीच फिरवते.
त्यानं रकान्यात 'होय' लिहिलं.

बापानं नियम कधी सांगितले नाहीत,
पण वाटेनं जाताना बंदूक खोळीत,
काडतूस दुसऱ्या खिशात,
आणि आचारसंहिता लागली की पहिल्याच दिवशी
सायकलच्या दांडीला बांधून ठाण्यात जमा.
त्या महिन्यात डुकरं दिवसाढवळ्या यायची.
"त्यायलेई कळते निवडणूक," म्हणायचा,
आणि टिनाचा डबा बडवत बसायचा.

रुपराव आला, चुलतभाऊ.
"दे ना वं एका रातीपुरती.
तू बाईमाणूस, मचाणावर कायले बसतं?"
मी परवाना उघडून त्याच्यापुढं धरला.
"याच्यात तुहा फोटो असन तं घेऊन जाय."

हरभरा घाट्यावर आलेला. पुसाची थंडी.
उगवतीकडं नाला, पाणी घोट्याएवढं,
त्याच्यापलीकडं झुडपी:
पळस, बोर, भराटी, सातबाऱ्यावर सरकार.
वनखात्याच्या कागदावर लिहिलेलं,
गट नंबर एकशे चौदा, त्याच्या आतच.
पिल्लांची मादी नाही.
नाल्याबद्दल कागदात काही नव्हतं.

तीनच्या सुमारास आला. एकटा, नर,
पाठीवरचे केस दवानं चिकटलेले.
घाटे फोडल्याचा आवाज येत होता,
कोणी अंधारात फुटाणे खातंय असा.
मी दम धरला. तो आडवा झाला.
खांद्यामागं लागली, पण थोडी खाली.
पडला, उठला,
आणि नाला ओलांडून गेला.

दुसरं काडतूस भरून मी काठापर्यंत धावले.
तो दिसत नव्हता. श्वास ऐकू येत होता,
ओल्या पोत्यातून भाता चालवावा तसा.
वीस पावलं असतील, फार तर पंचवीस.
पायात चपला होत्या, पाणी घोट्याएवढंच होतं.

मी बंदूक मोडली. काडतूस काढून
खिशात ठेवलं, ते मांडीला गार लागलं.
वनरक्षक उईकेला फोन केला.
"अलीकडंच रायजा, ताई. उजाडल्यावर येतो."
मग मी तिथंच बसले, हरभऱ्याच्या कडेला,
आणि तो तिकडं.
पाच वाजता दुधवाल्याची मोटारसायकल गेली
तेव्हाही चालू होता.
नंतर कधी थांबला ते कळलं नाही.
माझा डोळा लागला होता. हे पंचनाम्यात नाही.

उईकेनं फीत लावली. नाल्यापासून बेचाळीस फूट.
"बार कुठं झाला?"
मी अलीकडचं रक्त दाखवलं,
तुटलेल्या झाडांवर, ओळीत.
त्यानं फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या.
रुपराव अन् आणखी चौघं धुऱ्यावर उभे,
काखेत दुमडलेली पोती.
उईके म्हणाला, "पोती ठेवा अन् फावडे आणा."
खड्डा कंबरेएवढा. वरून रॉकेल.
कोणी काही बोललं नाही, वास मात्र
दुपारपर्यंत सगळ्यांनी घेतला.

सोमवारी ठाण्यात टरफल ठेवलं.
मोहरीरनं ते नाकाशी नेलं,
नोंदीत लिहिलं: वापरले एक.
मग पहिल्यांदाच वर पाहिलं. "लागली?"
"लागली."

घरी येऊन चिंधी फिरवली. काळी निघाली.
दुसरी फिरवली. तिसरी.
चौथी बरीचशी पांढरी होती तरी
मी आणखी एक फाडली.
आई चुलीपासून म्हणाली,
"बस कर वं. नळी झिजन."